डोळ्याच्या पडद्याचं लेझर : "मुंगी चावल्यासारखं" म्हणाले होते

सुईदोरा_कराड
शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ. अक्षरं मोठी करून, एक डोळा झाकून टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

वय ४९. कराडला शनिवार पेठेत घरीच ब्लाउज शिवते. शुगर चौदा वर्षांची. धाकटीच्या बाळंतपणात निघाली ती गेलीच नाही. गोळ्या चालू आहेत, पण खोटं कशाला बोलू, लग्नसराईत विसरतात. मागची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.२ आली होती.

दिवाळीच्या गर्दीत उजव्या डोळ्यासमोर काळा धागा तरंगायला लागला. मला वाटलं कापडाचाच आहे, दोनदा हाताने झटकलासुद्धा. पांढऱ्या अस्तरावर तर हमखास दिसायचा आणि डोळा फिरवला की मागोमाग यायचा. दिवाळी उरकून साताऱ्याला एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, शुगरमुळे पडद्यावर नव्या कच्च्या रक्तवाहिन्या आल्यात, एक जरा फुटलीये, लेझर करून घ्या. एकेका डोळ्याला तीन सिटिंग. दुखेल का विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं."

काल उजव्या डोळ्याचं पहिलं सिटिंग झालं. बाहुली मोठी व्हायचे थेंब तीनदा घातले. मग खुर्चीत बसवून हनुवटी त्या टेकूवर, कपाळ पट्टीला चिकटवून. आणखी एक थेंब, बधिर होण्याचा. मग जेलीसारखं काहीतरी लावून एक जाड भिंग डोळ्यावरच बसवलं. पापणी मिटायची म्हटलं तरी मिटत नाही. इथपर्यंत ठीक होतं.

डॉक्टरांच्या पायाखाली पायडल होतं. ते दाबलं की टक्, आणि हिरवा झटका. मी सव्वीस वर्षं पायडल मारतेय, त्यामुळे लक्ष तिकडेच. सवयीने टाके मोजायला लागले. पहिले दीड-दोनशे काहीच नाही, नुसता उजेड. मनात म्हटलं, एवढंच असेल तर मुंगीसुद्धा नाही चावली. मग "आता कानाकडची बाजू घेतो" म्हणाले आणि पुढच्या टाक्याला जीव गेला माझा.

ते दुखणं डोळ्याचं नव्हतंच. डोळ्याच्या मागे, पार आत. दाभण घालून वरच्या दाढेपर्यंत दोरा ओढल्यासारखं. एकदा मशीनची सोळा नंबरची सुई माझ्या नखातून आरपार गेलीये, तेव्हा मी ओरडले नव्हते. इथे ओरडले आणि मान मागे घेतली. डॉक्टर चिडले. "हलायचं नाही! मधल्या जागी लागलं तर नजर जाईल!" त्यानंतर तर भीतीने अंगच थरथरायला लागलं. शेवटी ३८० वर थांबवलं. बाकीचं पुढच्या वेळी म्हणाले. रात्रभर कपाळ ठणकत होतं.

घरी आल्यावर हे म्हणतात, "दोन बाळंतपणं काढलीस, याला काय घाबरतेस?" अहो, पण बाळंतपणात कुणी हलू नको म्हणून दटावत नाही.

पुढचं सिटिंग मंगळवारी आहे. मला एवढंच विचारायचंय, की हे सगळ्यांनाच असं दुखतं का, का माझंच काही चुकलं? थेंब कमी पडला असेल का? आणि भूल द्या म्हणून मागितलं तर देतात का? डॉक्टरांना राग आला तर काय करू, पुढची पाच सिटिंग त्यांच्याकडेच आहेत.

---

लेझररूम
शुक्रवार, रात्री १०.५५

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारा, डॉक्टर नाही. सोलापुरात अकरा वर्षं लेझरच्या खोलीत आहे, आणि त्यातला निम्मा वेळ रुग्णांचं डोकं मागून धरण्यात गेलाय. तुमचं काही चुकलेलं नाही. दोनशेपर्यंत ठीक आणि मग एकदम कळ, हे मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी बघतो.

थेंबही कमी पडला नसणार. त्या थेंबाने फक्त डोळ्याची पुढची काच बधिर होते, तीही भिंग टेकवता यावं म्हणून. मागे काय चाललंय त्याच्याशी थेंबाचा काही संबंध नाही. दहा थेंब घातले तरी तेवढंच.

तुमच्या कामातलं उदाहरण देतो. पडदा म्हणजे वरचं तलम कापड. त्याच्या पाठीमागे रक्तवाहिन्यांनी भरलेलं अस्तर आहे. पडद्याला स्वतःला दुखणं कळत नाही, अस्तराच्या बाजूला मात्र नसा आहेत. लेझरचा हिरवा उजेड पारदर्शक पडद्यातून पार जातो आणि त्याच्या तळाशी असलेल्या काळसर थरात अडतो. तिथे उष्णता होते. ती पडद्याला भाजते, कारण तेच करायचं असतं, पण थोडी मागे अस्तरातही उतरते. वरून इस्त्री फिरवली तरी आतलं अस्तर गरम होतं, तसंच.

आता कानाकडच्या बाजूलाच का? डोळ्याच्या मागून दोन लांब नसा पुढे येतात. डोळा म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर एक तीनच्या रेषेत आणि एक नऊच्या रेषेत. म्हणजे एक नाकाच्या बाजूला, एक कानाच्या. त्या रेषेवर ठिपका पडला की जी कळ येते ती वर-खाली कुठे येत नाही. आणि डोळा, कपाळ, वरचे दात यांची जाणीव नेणारी मूळ नस एकच, फांद्या वेगळ्या. दाढेपर्यंत दोरा ओढल्यासारखं वाटलं म्हणालात ना, ते अगदी बरोबर आहे. आमच्याकडे एक आजोबा लेझरनंतर थेट दातांच्या डॉक्टरकडे गेले होते.

मशीनचाही फरक पडतो. जुन्या पद्धतीत एकेक ठिपका ०.१ ते ०.२ सेकंदाचा असतो. नव्या पॅटर्नवाल्या मशीनमध्ये ०.०२ सेकंदाचा, आणि एका पायडलला चौकोनात सोळा-वीस ठिपके पडतात. इस्त्री टेकवून लगेच उचलली तर अस्तरापर्यंत ऊब जात नाही, ठेवून दिली तर जाते. पॅटर्नवाल्यात दुखणं खरोखर कमी असतं. फक्त त्याचे ठिपके बारीक उमटतात, म्हणून संख्येने जास्त मारावे लागतात. "मला दुप्पट मारले" म्हणून घाबरलेले लोक येतात, त्यांना हेच सांगतो.

पण जुन्या मशीनवरही वेळ आणि पॉवर कमी करता येते. मंगळवारी सिस्टरना नको, खुर्चीत बसायच्या आधी डॉक्टरांनाच सांगा. भिंग डोळ्यावर बसल्यावर बोलायला जमत नाही, आणि तोपर्यंत तेही घाईत असतात.

---

लालडबा_जळगाव
शनिवार, सकाळी ६.१०

ताई, राम राम. मी एसटीत ३१ वर्षं स्टिअरिंग धरलं, २०१६ ला रिटायर झालो आणि पुढच्याच वर्षी दोन्ही डोळ्यांना लेझर. सहाच्या सहा सिटिंग केली. तिसऱ्या सिटिंगला मी रडलो, हे बायकोलाही सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय.

पहिल्या वेळी मी उपाशीपोटी गेलो. ऑपरेशनला जातात तसं उपाशी राहायचं असतं, ही माझी अक्कल. शुगरची गोळी मात्र सकाळी घेतलेली. लाइनीत अडीच तास बसलो. खुर्चीत टेकलो आणि दरदरून घाम, हात लटलट. डॉक्टरांना वाटलं दुखण्याने घाबरलो, अजून तर सुरूही केलं नव्हतं! सिस्टर हुशार, तिने बोटातून रक्त काढून बघितलं, शुगर ५८. साखरपाणी दिलं आणि त्या दिवशी परत पाठवलं. म्हणून सांगतो, भाकरी खाऊन जा आणि पिशवीत बिस्किटं ठेवा.

दुसरी गोष्ट. तोंडाने थांबा म्हणायला गेलं की हनुवटी हलते. मग डॉक्टर ओरडतात, त्यांचंही खरं आहे. मी त्यांना म्हटलं, साहेब, आपण एसटीची घंटी ठेवू. एक घंटी थांबा, दोन घंटी चला. टेबलावर बोटाने एकदा टक् केलं की त्यांनी पाय उचलायचा, दोनदा टक्-टक् केलं की पुढे. साहेब हसले, पण ऐकलं. आणि गंमत अशी, की अख्ख्या सिटिंगला मी चारदाच घंटी मारली. थांबवता येतंय म्हटल्यावर थांबवायची गरजच कमी पडते. असं का होतं कोणास ठाऊक.

चौथं सिटिंग झोपवून, डोक्याला दिवा बांधून केलं. माझ्या अनुभवाने ते बसून करण्यापेक्षा जास्त लागलं. प्रत्येकाचं वेगळं असेल.

बाहेर पडल्यावर सगळं जांभळं-गुलाबी दिसेल, घाबरू नका, हिरव्या उजेडाचं ते उलटं आहे, तासाभरात जातं. एक मात्र कोणी आधी सांगितलं नव्हतं, ते सांगतो. लेझर पूर्ण झाल्यावर रात्रीचं कमी दिसतं. समोरून गाडीचा लाइट येऊन गेला की रस्ता परत सापडायला वेळ लागतो. ज्याने घाटात रात्रीच्या गाड्या काढल्या त्याला अंधारात स्वतःच्या अंगणातला नळ सापडेना, तेव्हा वाईट वाटलं. पण दिवसा पेपर वाचतो. हे तुम्हाला लिहिलेलं चष्मा लावून स्वतः टाइप केलंय.

---

मिश्कील_मावळा
शनिवार, सकाळी ९.३०

ताई, लेझर हा जुना प्रकार झाला. आता डोळ्यात इंजेक्शन देतात. माझ्या मेव्हण्याने पुण्यात फक्त इंजेक्शनं घेतली, एकही लेझर नाही, नजर एकदम क्लिअर. पडदा जाळून कशाला घेता? डॉक्टर बदला.

---

पडदा_नागपूर
शनिवार, दुपारी ३.१५

मी रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा डॉक्टर आहे. इथे कुणाचा डोळा न बघता सल्ला देणं बरोबर नाही, त्यामुळे जे सगळ्यांना लागू आहे तेवढंच लिहितो.

आधी कबुली. "मुंगी चावल्यासारखं" हे वाक्य आमच्याच जमातीचं. दिवसातून वीस वेळा म्हणतो आणि आमच्यातल्या बहुतेकांनी तो ठिपका स्वतःच्या डोळ्यावर कधी घेतलेला नाही. काही रुग्णांना खरंच मुंगीएवढंही लागत नाही, ते मोबाइलवर बोलत बाहेर जातात. काहींना ताईंसारखी कळ येते. पहिल्या डोळ्याला काही नाही आणि दुसऱ्याला असह्य, असेही असतात. आधी लेझर झालेल्या डोळ्यात राहिलेल्या जागा भरायला जातो तेव्हा जास्त दुखल्याची तक्रार असते. त्यामुळे "तुम्हाला दुखणार नाही" असं कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. सांगू नयेच.

लेझररूमनी कारण नीट सांगितलंय. मी उपायांचं बोलतो. तासभर आधी साधी पॅरासिटामॉल घेण्याचा काहींना उपयोग होतो, काहींना नाही. पण मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. ज्यांच्या पडद्यावर शुगरचा इतका परिणाम झालाय त्यांच्या किडनीवरही झालेला असू शकतो, आणि त्या गोळ्या किडनीला वाईट. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट बरोबर न्या. त्यानंतर ठिपक्याचा वेळ कमी करणे, तीन-नऊच्या रेषेवरचे ठिपके हलक्या पॉवरने घेणे, एका सिटिंगचं दोनांत वाटणे. हे सगळं नेहमीचं आहे, त्यात रुग्णाने कसलेही उपकार मागितलेले नसतात.

आणि तरीही जमत नसेल तर ब्लॉक. म्हणजे डोळ्याच्या कडेने मागच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन, मोतीबिंदूला पूर्वी सर्रास द्यायचे तेच. त्याने दुखणं तर जातंच, डोळा हलतही नाही. ताई, तुमचे डॉक्टर ओरडले ते चुकीच्या सुरात असेल, पण भीती खरी आहे. पडद्याच्या मधोमध एक छोटी जागा आहे, तिच्यानेच तुम्ही सुईत दोरा ओवता. हललेल्या डोळ्यात ठिपका तिथे पडला तर तो परत पुसता येत नाही. म्हणून जो रुग्ण हलतो त्याला दटावण्यापेक्षा ब्लॉक देणं मला शहाणपणाचं वाटतं. सगळ्यांनाच का देत नाही? कारण सुई डोळ्याच्या मागे जाते. क्वचित मागे रक्त साचतं, अगदी क्वचित डोळ्याला इजा होते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

आता "जुना प्रकार" म्हणणाऱ्या मावळ्यांसाठी. १९४५ च्या सूर्यग्रहणात उघड्या डोळ्यांनी सूर्य बघून पडद्याचा मधला भाग भाजलेला रुग्ण मायर-श्विकेराट या जर्मन डॉक्टरांच्या पाहण्यात आला. त्यावरून त्यांना सुचलं, की हाच चटका आपण हव्या त्या जागी देऊ शकलो तर? आधी त्यांनी आरशांनी खरं ऊनच डोळ्यात सोडून बघितलं, मग झेनॉनचा दिवा आला. त्या दिव्याचा ठिपका मोठा आणि संथ, त्यामुळे डोळ्यामागे भुलीचं इंजेक्शन सहसा द्यावंच लागे. १९६०-७० च्या दशकांत आर्गॉन लेझर आला आणि थेंबावर काम भागायला लागलं. म्हणजे ज्याला आपण आज दुखरं म्हणतो ती एके काळी सुधारणा होती!

अमेरिकेत सतराशेहून जास्त रुग्णांचा एकेक डोळा लेझरने किंवा झेनॉनच्या दिव्याने उपचार करून आणि दुसरा तसाच ठेवून अभ्यास झाला. १९७६ साली आकडे समोर आले तेव्हा उपचार केलेल्या डोळ्यांत नजर पार जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलेलं होतं. इतका फरक, की अभ्यास तसाच चालू न ठेवता उरलेल्या धोक्याच्या डोळ्यांनाही लेझर द्यायला परवानगी दिली. कारण साधं आहे. शुगरने बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्या की कडेचा पडदा उपाशी राहतो आणि रक्त मागण्यासाठी एक रसायन सोडतो. त्या रसायनाने नव्या वाहिन्या फुटतात, त्या कच्च्या, म्हणून रक्तस्राव. लेझरने आपण कडेचा उपाशी भाग थोडा-थोडा मारतो, बाराशे ते सोळाशे ठिपके, म्हणजे मागणीच कमी होते. मधली नजर वाचवायला कडेची थोडी द्यायची. लालडबा काकांचा अंगणातला नळ त्यातच गेला.

इंजेक्शन हे त्याच रसायनाला अडवतं आणि ते उत्तम औषध आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दोन वर्षांपर्यंत इंजेक्शनवाल्यांची नजर लेझरवाल्यांपेक्षा कमी नव्हती. मधल्या जागेला सूज असेल तर इंजेक्शन आधी लागतं. पण त्याचा असर महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. ज्यांचं येणं मध्येच तुटलं त्यांचे डोळे लेझरवाल्यांपेक्षा वाईट झालेले आम्ही बघतो. मेव्हणे पुण्यात राहतात, वेळेवर जातात, छान. लग्नसराईत गोळी विसरणाऱ्या ताईंना दरमहा साताऱ्याला जायला लावायचं का, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावं. मी असतो तर लेझर सोडलं नसतं.

---

कल्याणकर_७४
शनिवार, रात्री ११.२०

हे लिहावं की नाही असा विचार करत होतो. माझ्या वडिलांना २०१९ च्या डिसेंबरात लेझर सुरू झालं. डाव्या डोळ्याची दोन सिटिंग झाली. दुसऱ्या वेळी त्यांना ताईंसारखंच दुखलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "डोळा माझा आहे, परत येणार नाही." मीही जास्त ताणलं नाही. हाडाचे गिरणी कामगार, दुखतं हा शब्द त्यांच्या तोंडी मी तोवर ऐकलेला नव्हता. तिसऱ्या सिटिंगची तारीख गेली. मग मार्चमध्ये लॉकडाउन लागलं, आणि आता दवाखानेच बंद म्हणून सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं.

जुलैत एका सकाळी म्हणाले, डोळ्यात कुणीतरी चहा ओतलाय. आतून रक्तस्राव झाला होता. नंतर ऑपरेशन करून आतलं रक्त काढलं, पडदा ओढला गेलेला सरळ केला, आणि त्याच ऑपरेशनमध्ये उरलेलं लेझर आतूनच मारलं. भूल देऊन. आता त्या डोळ्याने हातवारे कळतात, चेहरे नाहीत.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दुसऱ्या सिटिंगच्या वेळी मी दाराबाहेरच बसलो होतो. आत जाऊन "यांना दुखतंय, काहीतरी द्या" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? ब्लॉक नावाची गोष्ट असते हे मला ऑपरेशनच्या कागदावर सही करताना कळलं.

---

सुईदोरा_कराड
रविवार, दुपारी १.०५

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. कल्याणकर दादा, तुमचं वाचून रात्री डोळा लागला नाही, पण लिहिलंत ते बरं केलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात "मंगळवारी ताप आला म्हणून सांगू" असंच चाललं होतं.

यांना वाचून दाखवलं. बाळंतपणाचं परत बोलले नाहीत. "मी येतो आत," एवढंच म्हणाले.

लेझररूम, अस्तराचं एकदम पटलं. डॉक्टर, क्रिएटिनिनचा रिपोर्ट सापडला, १.१ आहे. बरोबर नेते.

---

सुईदोरा_कराड
बुधवार, सकाळी ११.३०

धागा वर काढतेय. काल झालं.

सकाळी भाकरी-भाजी खाऊन, गोळी घेऊन गेले. पिशवीत पार्ले-जी. डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या शिरल्या, उभ्या उभ्याच सांगितलं, "मागच्या वेळी कानाकडच्या बाजूला खूप लागलं, म्हणून हलले. मला परत हलायचं नाहीये. काय करता येईल?" घरून पाठ करूनच गेले होते. हे शेजारी हाताची घडी घालून उभे. मला वाटलं आता चिडतील. पण त्यांनी फाइल बघितली आणि म्हणाले, "मागेच सांगायचं ना." (मागे ओरडले ते सांगणं नव्हतं का? पण गप्प बसले.) पॅरासिटामॉल तिथेच दिली आणि अर्धा-पाऊण तास बसवून ठेवलं.

लालडबा काका, तुमची घंटी सांगितली. डॉक्टर कोल्हापूरकडचे निघाले, लगेच म्हणाले, "एक थांब, दोन चल. चालेल, पण मध्येच उतरायचं नाही हां."

आधी वरची बाजू केली, मग खालची. कानाकडची शेवटी. तिथे यायच्या आधी म्हणाले, "आता ती बाजू, वेळ कमी केलाय." लागलं. लागलंच नाही असं नाही. पण दाभण नव्हतं, हातशिलाईची सुई टोचावी तसं, आणि चार-पाच ठिकाणीच. दोनदा घंटी मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा ते खरंच थांबले आणि पाय पायडलवरून बाजूला घेऊन जमिनीवर ठेवला. मला दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून तो पाय दिसत होता. मी गिऱ्हाइकाशी बोलताना अगदी तसाच ठेवते, म्हणजे चुकून मशीन चालू होऊ नये. ते बघितलं आणि अंगातलं सगळं आखडलेपण गेलं.

एकूण ६४० झाले. मोजले नाहीत, त्यांनीच सांगितले. काल रात्री कपाळ थोडं जड होतं, झोप लागली. काळा धागा आहे तिथेच आहे. तो लगेच जाणार नाही, हळूहळू खाली बसेल म्हणाले. आज सकाळी दोन हुक लावून बघितले, सुईत दोरा तिसऱ्या खेपेला गेला.

तिसऱ्या सिटिंगला नाकाच्या बाजूचं उरलंय, आणि पहिल्या वेळचं अर्धवट सोडलेलं भरायचंय. ते जास्त लागू शकतं, तेव्हा ब्लॉक देऊ, असं तेच म्हणाले. पण त्या दिवशी यांना सुट्टी नाही. ब्लॉक घेतल्यावर सातारा-कराड एसटीने एकटीने परत येता येतं का?

---

लेझररूम
बुधवार, दुपारी १२.१०

नका येऊ ताई. पट्टी असते, पट्टी काढली तरी काही तास पापणी उचलत नाही आणि एकाचं दोन दिसतं. एसटीच्या पायऱ्या चढताना-उतरताना तेच महागात पडतं. तारीख पुढे-मागे करून मिळते का विचारा, पण आठवड्या-दोन आठवड्यांच्या पलीकडे ढकलू नका.

---

लालडबा_जळगाव
बुधवार, दुपारी १२.४०

धाकटीला घेऊन जा ना. चौदाची आहे, हात धरायला पुरेशी मोठी आहे. खिडकीची सीट घ्या, उन्हाच्या उलट्या बाजूची. साताऱ्याहून कराडला दुपारी येताना ऊन उजव्या हाताला असतं, म्हणजे तुम्ही ड्रायव्हरच्या मागे नाही, दाराच्या उलट… थांबा, चुकलो. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, ऊन त्याच्याच बाजूला. तुम्ही डावीकडे बसा.

---

सुईदोरा_कराड
बुधवार, दुपारी १.२०

डावीकडे. बरं काका. धाकटीचा त्या दिवशी गणिताचा पेपर आहे, थोरलीला विचारते.